आदिलाबादचे जंगल: वाघाची वाट आणि माणसाची वस्ती

तेलंगणाच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांना भिडलेला आदिलाबादचा परिसर निजामकाळापासून सागवानी जंगलासाठी ख्यात आहे. पैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांनी इथली राज्यसीमा आखली असली, तरी दोन्ही तीरांवर मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा बोलल्या जातात. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. जंगल मात्र सलग राहिले, म्हणून इथे आदिलाबाद हे नाव त्या जुन्या जिल्ह्याच्या अर्थानेच घेतले आहे.

हे शुष्क पानझडी जंगल आहे. सागाबरोबर ऐन, धावडा, बिवळा, तेंदू, चारोळी, बिब्बा, मोह आणि बांबू ही इथली प्रमुख वनसंपदा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, हिवाळ्यात तेलंगणातील सर्वांत कडाक्याची थंडी इथेच पडते. फेब्रुवारीपासून पाने गळून जमिनीवर थर साचतो आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी रीत आहे. ती आग आटोक्यात राहिली नाही, तर कोवळी रोपे, गवत आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिच्या भक्ष्यस्थानी पडतात. उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करणे आणि फुले वेचणाऱ्यांनाच आगीच्या राखणीत सामील करून घेणे, हे काम वृक्षारोपणाच्या सोहळ्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे. रोपे लावली की जंगल होते, हा समज आपल्याकडे फारच रुजला आहे. गवताळ माळ हाही चितळ, नीलगाय आणि गव्यांचा अधिवास असतो, हे त्या समजात बसत नाही. घाणेरी उपटून तिथे पुन्हा गवत वाढू देणे, हे वनव्यवस्थापनातले बिनदिखाऊ पण परिणामकारक काम होय.

या जंगलाच्या व्यवस्थापनाचा इतिहास संघर्षाचा आहे. निजाम राजवटीने राखीव वने आखली, तेव्हा गोंड आणि कोलाम जमातींची शेती आणि वस्त्या त्या रेषांच्या आत सापडल्या. कुमराम भीम यांनी जल, जंगल, जमीन यांवरील हक्कासाठी लढा उभारला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे त्यांना वीरमरण आले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर हायमेनडॉर्फ यांच्याकडे या असंतोषाच्या कारणांचा शोध सोपवला. मारलावाई गावात राहून त्यांनी केलेल्या शिफारशींमुळे अनेक आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. तरीही प्रश्न मिटला नाही. एप्रिल १९८१ मध्ये इंद्रवेल्ली येथे झालेल्या गोळीबाराची सल आजही कायम आहे. वनहक्क कायदा २००६ साली आला, पण पोडू म्हणजे जंगलात साफ केलेल्या जमिनीवरील शेती आणि वनखाते यांच्यातील ताण त्याने पूर्णपणे संपलेला नाही.

कव्वाल अभयारण्याला एप्रिल २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर असून त्याभोवती सुमारे ११२३ चौरस किलोमीटरचे बाह्य क्षेत्र आहे. विस्तार मोठा असूनही गाभ्यात स्थायिक झालेला वाघ वर्षानुवर्षे अभावानेच आढळला. आतील वस्त्या, गुरांची चराई, फासे आणि भक्ष्याची वानवा ही त्याची कारणे सांगितली जातात. त्यावर उपाय म्हणून पाणवठे आणि कुरणे तयार करण्यात आली, रात्रीच्या अवजड वाहतुकीवर निर्बंध आले आणि २०२४ मध्ये रामपूर व मैसमपेट या वस्त्यांतील कुटुंबांचे गाभ्याबाहेर पुनर्वसन झाले.

वाघ मात्र नकाशा बघून येत नाही. ताडोबातून आलेल्या फाल्गुना नावाच्या वाघिणीने कव्वालचा गाभा सोडून कागजनगरच्या जंगलात बछड्यांना जन्म दिला, आणि त्या जंगलाला तेव्हा अभयारण्याचाही दर्जा नव्हता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र अवघे १४८ चौरस किलोमीटर. तिथे जन्मलेल्या आणि गळ्यात रेडिओ कॉलर घातलेल्या एका तरुण नर वाघाने २०१९ मध्ये आदिलाबादच्या बाजूनेही फेरफटका मारत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. ताडोबा आणि टिपेश्वर हे उगम मानले, तर आदिलाबादची जंगले त्यांचा प्रवाह पुढे नेणारे पात्र ठरतात. बल्लारशा ते काजीपेट लोहमार्ग, चौपदरी रस्ते आणि कोळसा खाणी त्या पात्राला जागोजागी चिरतात.

या वाटेवर माणसेही राहतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आसिफाबाद जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दोघांचा बळी गेला. जानेवारी २०२४ मध्ये कागजनगरजवळ दोन वाघ मृतावस्थेत सापडले आणि मारलेल्या गुराच्या मांसावर विष टाकल्याचे तपासात समोर आले. गोव्याच्या वाचकाला हे वाचताना सत्तरीतील गोळावली आठवल्यावाचून राहणार नाही. जानेवारी २०२० मध्ये तिथे वाघीण आणि तिचे तीन बछडे असेच विषाला बळी पडले होते. दोन्हीकडे सुरुवात गुरे मारली जाण्यापासून झाली. गोठ्यातले दुभते जनावर गेल्यावर भरपाईसाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागले, तर संरक्षणाची भाषा त्या घरापर्यंत पोहोचत नाही.

३० मे २०२५ रोजी तेलंगणा सरकारने आदेश क्रमांक ४९ काढून आसिफाबाद जिल्ह्यातील सुमारे १.४९ लाख हेक्टर वनक्षेत्र कुमराम भीम संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. कव्वाल आणि ताडोबा यांना जोडणारी वाट जपणे हा त्यामागचा उद्देश होता आणि तो योग्यच होता. पण गावांना आपल्या जमिनींची आणि वनोपजाची धास्ती वाटली, आंदोलने झाली आणि जुलैमध्ये आदेश स्थगित करावा लागला. ज्यांचे गाव त्या क्षेत्रात येते त्यांच्याशी आधी बोलणे झाले असते, तर कदाचित ही वेळ आली नसती. म्हादईच्या व्याघ्र प्रकल्पाविषयी उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिलेल्या निकालानंतर गोव्यात उठलेला वाद याच पठडीतला आहे.

पौष महिन्यात केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेस्राम कुळातील गोंड जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे पाणी आणायला अनवाणी चालत जातात. त्यांची वाट याच जंगलातून जाते.