सेरोटोनिन ग्राही आणि जी-प्रथिने : एका शोधाचा इतिहास

सेरोटोनिन हे द्रव्य 1948 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रक्तापासून वेगळे करण्यात आले. 1953 मध्ये बेट्टी ट्वारॉग आणि अर्व्हाइन पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखवले. मात्र पेशीवरील ग्राही प्रथिनांना ते कसे चिकटते, हे कळण्यास बराच काळ जावा लागला.

महत्त्वाचा धागा यकृताच्या अभ्यासातून मिळाला. 1971 मध्ये मार्टिन रॉडबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, जीटीपी हा रेणू मिसळताच ग्लुकागॉन हे संप्रेरक ग्राहीपासून लवकर सुटते. जीटीपी ज्यावर काम करतो, तो ग्राही आणि पेशीतील यंत्रणा यांना जोडणारा दुवा म्हणजे जी-प्रथिन. आल्फ्रेड गिलमन यांच्या प्रयोगशाळेने ते शुद्ध स्वरूपात मिळवले. 1994 चे नोबेल पारितोषिक रॉडबेल व गिलमन या दोघांना विभागून मिळाले.

1979 मध्ये पेरौट्का आणि स्नायडर यांनी किरणोत्सारी द्रव्ये वापरून मेंदूतील सेरोटोनिन ग्राहींचे दोन वर्ग पाडले. या ग्राहींवरही जीटीपीचा तोच परिणाम दिसला. जी-प्रथिन जोडलेले असता ग्राही उद्दीपक औषधाला घट्ट धरतो. जीटीपीमुळे जी-प्रथिन सुटले की पकड सैल होते. रोधक औषधांच्या पकडीवर सहसा फारसा परिणाम होत नाही. 1980 मध्ये लेफ्कोविट्झ यांच्या गटाने औषध, ग्राही आणि जी-प्रथिन या त्रिकुटाचे प्रारूप मांडून याचा उलगडा केला.

2018 मध्ये सेरोटोनिनचा 1बी ग्राही जी-प्रथिनासह क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आला. औषधावरील पकड जी-प्रथिनावर अवलंबून असल्याने औषध पारखताना ग्राहीसोबत त्याचे जी-प्रथिनही विचारात घेणे आवश्यक ठरते.