साक्ष तोलायची, बाई नव्हे

कोर्टात साक्ष द्यायची म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळ जणी मागे सरतात. ‘आपल्यासारखीचं कोण खरं मानणार?’ हा प्रश्न मनात असतो. तो प्रश्न उगाच पडलेला नाही, त्यामागे इतिहास आहे. त्यातलं एक पान आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. ते आज आपण उघडू.

आपल्या देशातला पुराव्याचा कायदा इंग्रजांच्या राज्यात 1872 साली झाला. त्यात एक गोष्ट चांगली होती. एखादी बाब शाबित करायला अमुक इतके साक्षीदार पाहिजेत, अशी अट त्यात नव्हती. साक्षीदार मोजायचे नाहीत, त्यांची साक्ष तोलायची. एकटीची साक्ष पटण्यासारखी असेल तर तीही पुरे. पण त्याच कायद्यात दुसरं एक कलम होतं. बलात्काराच्या खटल्यात ‘ही बाई मुळात वाईट चालीची आहे’ असं दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवायला आरोपीला मुभा होती. म्हणजे त्या दिवशी काय घडलं ते बाजूला राहायचं आणि खटला बाईच्याच चालीवर चालायचा.

याचा फटका देसाईगंजच्या एका मुलीला बसला. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, मजुरी करून पोट भरणारी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिचं नाव आपण इथे घेणार नाही. अशा मुलीची ओळख उघड करायला 1983 पासून कायद्यानेच मनाई केली आहे.

26 मार्च 1972 ची रात्र. तिच्या भावाच्या तक्रारीवरून तिला आणि सोबतच्या माणसांना पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. जबान्या झाल्या. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. आतले दिवे गेले, दार बंद झालं. ती बाहेर आली तेव्हा तिने आपल्या माणसांना सांगितलं, की शिपायाने आपल्यावर बलात्कार केला. खटला शिपायावर आणि त्याच्याबरोबरच्या हवालदारावर झाला.

1974 साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडून दिलं. मुलीला पुरुषाचा संबंध नवा नव्हता, ती खोटारडी आहे आणि सोबतच्या माणसांपुढे आपण चांगलं दिसावं म्हणून ती बलात्कार म्हणते, असं त्या न्यायालयाचं मत पडलं. 1976 साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणं म्हणजे राजीखुशी नव्हे, असं म्हणून एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. पण सप्टेंबर 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांना पुन्हा मोकळं केलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, मग तिने विरोध केला हे खरं कसं मानायचं? हात धरला तेव्हाच तिने तो झटकून ओरडायला हवं होतं, असं कोर्टाचं म्हणणं.

जरा विचार करू. रात्रीची वेळ, ठाणं पोलिसांचं आणि हात धरणाराही पोलीसच. तिथे एका पोरक्या मजूर मुलीने ओरडून कुणाला बोलवायचं होतं?

हाच प्रश्न कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी विचारला. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सप्टेंबर 1979 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. 1980 च्या महिला दिनाला गावोगावच्या नाही तरी मोठ्या शहरांतल्या बाया रस्त्यावर उतरल्या. त्या मुलीच्या खटल्याचा निकाल काही बदलला नाही. तिला न्याय मिळाला नाही. कायदा मात्र हलला.

1983 साली नवं कलम आलं. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या अत्याचारात शरीरसंबंध शाबित झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईने कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालय धरून चालतं. असे खटले बंद दाराआड चालवायचंही तेव्हाच ठरलं. बाईच्या चालीवर बोट ठेवू देणारं ते जुनं कलम 2002 च्या दुरुस्तीने काढून टाकलं. ते जायला 130 वर्षं लागली! अंगाने विरोध केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं म्हणता येणार नाही, हे 2013 साली कायद्यात लिहिलं गेलं. 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. साक्षीदारांच्या संख्येची अट त्यातही नाही.

मग न्यायालयाने साक्ष तोलायची कशी? साक्षीदार तिथे होती का, तिला दिसण्या-ऐकण्यासारखं होतं का, मूळ हकिगत पहिल्यापासून तीच आहे का, बाकीच्या पुराव्याशी ती जुळते का, खोटं बोलण्यात तिचा काही फायदा आहे का. साक्षीदार खोटंही बोलू शकतो, म्हणून तर उलटतपासणी असते. निरपराध माणूस अडकू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. पण वेळ थोडी इकडेतिकडे झाली, अंतर नीट सांगता आलं नाही, एवढ्याने साक्ष पडत नाही. एक गोष्ट चुकली म्हणजे सगळंच खोटं, असा नियम आपल्याकडे नाही.

म्हणून साक्षीला उभं राहायची वेळ आली, तर जे पाहिलं तेच सांगावं. ऐकीव असेल ते पाहिलं म्हणून सांगू नये. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावं, त्यात कमीपणा नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं.

आणि एक काम आपल्या बचत गटाचंही आहे. एखादी बाई काही सांगायला आली, की ‘ती कशी आहे, ठाऊक आहे आम्हाला’ हे वाक्य आपल्याच तोंडून निघतं. 1872 चं ते कलम कायद्यातून गेलं. आता ते आपल्या बैठकीतूनही जायला हवं.