मुद्रेतील नाव आणि मुद्रेबाहेरील नाव

कामठीहून कन्हान नदी ओलांडून जबलपूरच्या रस्त्याने पुढे गेले की मनसर, रामटेक व नगरधन हा वाकाटक इतिहासाचा टापू लागतो. या टापूचे आपले आकलन मुख्यतः वासुदेव विष्णु मिराशी यांच्या संशोधनावर उभे आहे. रामगिरी म्हणजे रामटेक ही त्यांची भूमिका आणि वाकाटक लेखांचा त्यांनी संपादिलेला १९६३ चा खंड यांना वगळून येथे एक पाऊलही टाकता येत नाही. तथापि कोरीव लेखाचे वाचन करताना मुद्रेचे स्थान काय, हा प्रश्न अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही. सामान्यतः मुद्रा ही लेखाच्या अधिकृततेची खूण मानली जाते. ती स्वतंत्र संहिता मानली जात नाही.

बायझंटाइन इतिहासाच्या अभ्यासकांना हा भेद फार आधी करावा लागला. तेथील पत्रे व आज्ञापत्रे बहुतांशी नष्ट झाली. त्यांना जोडलेल्या शिशाच्या मुद्रा मात्र हजारोंनी उरल्या. त्यामुळे मुद्रेवरील नाव, पद आणि प्रार्थना यांनाच संहिता म्हणून वाचणे भाग पडले. आपल्याकडे ताम्रपट टिकले, म्हणून मुद्रा दुय्यम राहिली.

प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटाकडे या दृष्टीने पाहावे. नंदिवर्धनाहून, म्हणजे नगरधनहून, दिलेल्या या दानलेखात ती प्रथम गुप्तवंशाची परंपरा सांगते. ती स्वतःला द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या म्हणविते, माता कुबेरनागेचे नागकुल नोंदविते आणि पित्याचेच धारण गोत्र लावते. पती रुद्रसेनाची अग्रमहिषी व युवराज दिवाकरसेनाची जननी ही ओळख त्यानंतर येते. मुद्रेवर मात्र यातले शेवटचेच उरते. तेथे शासन आहे ते वाकाटककुलभूषण युवराजाच्या जननीचे. प्रभावतीचे नाव नाही. पटाचा मजकूर माहेर सांगतो, मुद्रा मातृत्व सांगते. एकाच दस्तऐवजात सत्तेचे दोन आधार परस्परांना छेद देतात.

आता नगरधन येथील उत्खननात (२०१५–२०१८) मिळालेला मातीचा ठसा पुढे ठेवावा. त्यावर शंखाचे चिन्ह आणि ब्राह्मी लिपीत राणीचे नाव आहे. वैष्णव निष्ठेची ही राणी येथे स्वनामाने उपस्थित होते. यावरून ताम्रपटाची मुद्रा खोटी आणि मातीचा ठसा खरा, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. दोन्ही सत्तेच्याच भाषा आहेत. दानशासन कायम टिकावे म्हणून त्याला वंशाचा आधार हवा असतो; अल्पवयीन युवराजाच्या नावाने चालणाऱ्या राज्यात तो जननीपदातूनच मिळे. ठशाला मात्र केवळ ‘हे कोणाचे’ एवढेच सांगायचे असावे.

अशाच मातीच्या ठशांनी एक जुना निर्णयही डळमळीत केला आहे. मिराशींनी प्रवरपूर पवनारला मानले होते. मनसरच्या उत्खननात ‘प्रवरेश्वर’ नावाचे ठसे मिळाल्याने ते मनसरला असावे, हे मत पुढे आले. मिराशींच्या विद्वत्तेला याने उणेपणा येत नाही. ज्या संहिता त्यांच्यासमोर नव्हत्या, त्या आपल्यासमोर आहेत, इतकाच याचा अर्थ. लेख वाचताना त्याचा ठसाही वाचावा, ही जबाबदारी मात्र त्यामुळे आपली ठरते.