आतली कडी, बाहेरचं कुलूप

दिवाळी महिन्यावर आली, की घरोघरी रंगाच्या डब्यांबरोबर आणखी एक यादी तयार होते. बेडरूमच्या दाराचं हँडल सैल झालंय, बाथरूमची कडी नीट बसत नाही, पुढच्या दाराचं लॅच चार वेळा हिसडल्याशिवाय लागत नाही, बिजागऱ्या कुरकुरतात. यादी हार्डवेअरच्या दुकानात जाते, जुनं सामान भंगारात जातं आणि विषय संपतो. पण दाराच्या या किरकोळ वाटणाऱ्या सामानात आपल्या घरांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो थोडा ठाऊक असला तर नवं हँडल निवडतानाही कामी येतो.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करतो. 'कवाड' आलं संस्कृत 'कपाट'वरून आणि 'आगळ' आली 'अर्गला'वरून. 'दरवाजा' फारसी. 'कुलूप' मूळचं अरबी 'कुफ्ल'. फारसीच्या वाटेनं इकडे येताना त्यातल्या अक्षरांनी जागा बदलल्या आणि ते इतकं मराठी झालं, की कोणाच्या 'तोंडाला कुलूप' लागलं असं म्हणताना अरबस्तान कोणालाच आठवत नाही. 'चावी' आपल्याला पोर्तुगिजांनी दिली. 'हँडल' आणि 'लॅच' इंग्रजांनी. कुलुपाला 'टाळं' असा जुना देशी शब्दही आहे, पण तो आता बहुधा कारखाना बंद पडल्यावरच आठवतो. एका दाराला इतक्या भाषांचे हात लागले आहेत.

जुन्या वाड्याचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा. दोन जाड फळ्या. त्यांना आजच्यासारख्या बिजागऱ्या नसत. फळीच्याच वर आणि खाली काढलेले खुंट चौकटीतल्या खोबणींत फिरत. एवढा दरवाजा एका माणसासाठी उघडायचा नाही म्हणून त्यातच एक लहान दिंडी. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० सालची. त्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे आजही पाहता येतात. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले आहेत. साध्या घरांना खिळे नव्हते, पण अडसर होता. भिंतीत एक लांब पोकळी ठेवायची, त्यात लाकडाचा सोट सारून ठेवायचा. दिवेलागणीनंतर केव्हातरी तो ओढून दारामागे आडवा करायचा, की घर बंद.

या अडसराची एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तो घालायला आणि काढायला आत माणूस लागतो. बाहेर जाताना अडसर घालता येत नाही. म्हणजे घर कधी रिकामं राहणारच नाही, असं ती रचना गृहीत धरून चालते. कोणीतरी आत आहेच. म्हातारं माणूस आहे, बाळंतीण आहे, सून आहे. या व्यवस्थेत ऊब होती, हे खरं. पण ते 'कोणीतरी' बहुतेक वेळा बाईच असे, आणि घर कधीच रिकामं न राहण्याची किंमत तिनं उंबरठ्याच्या आत राहून मोजली, हेही तितकंच खरं.

ज्यांच्याकडे लाकडाची फळीही नव्हती, त्यांच्या दाराला ताटी असे. कामट्यांची, झापांची. मुक्ताबाईंच्या नावावर असलेल्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द महाराष्ट्राच्या कानात राहिला. परंपरेनं सांगितलेला तो प्रसंग दाराच्या दृष्टीनं पाहा. भाऊ आत, बहीण बाहेर. ताटी अशी काय मजबूत असते? लाथेनंही पडेल. पण बहीण ती ढकलत नाही. आतल्यानं उघडावी म्हणून विनवते.

कुलपाची गोष्ट याच्या उलट आहे. अडसर सांगतो, 'आम्ही आत आहोत.' दाराबाहेर लटकणारं कुलूप सांगतं, 'आत कोणी नाही.'

कुलूप तसं फार जुनं. आत सरकणाऱ्या खुंट्यांचं लाकडी कुलूप प्राचीन इजिप्तला माहीत होतं. पण त्याला यंत्राची धार आली ती अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. १७८४ साली जोसेफ ब्रामा यांनी आपल्या कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे ते कुलूप लंडनच्या दुकानात मांडलं गेलं आणि किल्लीवाचून उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी इनाम लागलं. काही दशकं ते कोणालाच जमलं नाही. १८५१ साली, लंडनचं मोठं प्रदर्शन भरलेलं असताना, हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते कित्येक दिवस खटपट करून उघडलं. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८६१ साली, लायनस येल यांनी पेटंट घेतलेलं चपट्या किल्लीचं कुलूप आलं. त्यातलं तत्त्व त्या इजिप्शियन खुंट्यांचंच. आज आपल्या लॅचला जी दातेरी किल्ली लागते, ती याच घराण्यातली.

आपल्याकडे अलीगढमध्ये एक इंग्रज कंपनी आधी विलायतेहून कुलपं आणून विकत असे. १८९० साली तिनं तिथंच ती बनवायला घेतली. पुढे हा धंदा अलीगढच्या गल्लीबोळांत पसरला. एका घरात पत्रा कापायचा, दुसऱ्यात किल्लीला दाते पाडायचे, तिसऱ्यात पॉलिश करायचं. १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. ही वर्षं नीट पाहा. मुंबईतली पहिली कापड गिरणी निघाली १८५४ साली, आगगाडी सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी. माणसं घर सोडून पोटामागे निघाली, त्याच काळात कुलपाला गिऱ्हाईक मिळालं. गिरणगावच्या चाळीत मात्र दिवसभर दारं उघडीच असत, कारण गॅलरीतली दहा घरं एकमेकांकडे लक्ष ठेवायला होती. खरं कुलूप लागलं ते गावाकडे, चाकरमान्याच्या घराला. कोकणात गणपतीपुरती उघडणारी घरं आपण पाहतोच. आमच्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांतही आखातात गेलेल्यांच्या दारांवर खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली कुलपं आहेत. किल्ली शेजाऱ्याकडे असते आणि दोन वर्षांनी ती फिरत नाही.

फ्लॅटच्या काळात यावर तोडगा निघाला लॅचचा. दार ओढलं, की आपोआप बंद. आत माणूस असो वा नसो, बाहेरून दार सारखंच दिसतं. ही सोय मोठी आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे. आज कित्येक घरांत म्हातारं माणूस एकटं राहतं. ते आत पडलं आणि आतून कडी असली, तर मदतीला आलेला शेजारी दाराबाहेर तिष्ठत उभा राहतो आणि सुतार येईपर्यंत वेळ निघून जाते. अडसराच्या काळात आत दुसरं कोणीतरी असे. आता नाही, आणि हे लक्षात घेऊन सामान निवडायला हवं. बाथरूमला साध्या कडीऐवजी बाहेरून नाण्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं फिरवता येईल असं कुलूप मिळतं. ते बसवावं. पुढच्या दाराची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे असावी.

मुठीचंही तसंच. गोल मूठ दिसायला देखणी, पण ती बोटांत घट्ट पकडून पिळावी लागते. माझ्या अम्मीच्या बोटांना संधिवात होता. तिच्या खोलीची गोल मूठ काढून मिस्त्रींनी दांडीचं हँडल बसवलं आणि म्हणाले, "आजी, आता कोपरानं दाबलं तरी उघडेल." त्या दिवसापासून तिनं दार उघडण्यासाठी कोणाला हाक मारली नाही. हाच विचार करून कॅनडातल्या व्हँकुवर शहरानं २०१४ पासून नव्या बांधकामांत गोल मुठींऐवजी दांडीच्या हँडलांचा नियम केला.

आणि जुनं पितळ भंगारात घालण्याआधी एक ऐका. पितळेत तांबं असतं आणि तांब्यावर जंतू फार काळ तग धरत नाहीत. १९८३ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयात दारांच्या मुठी तपासल्या, तेव्हा चकचकीत स्टीलपेक्षा पितळी मुठींवर जंतूंची वाढ फार कमी आढळली. २०२० च्या टाळेबंदीत आपण हँडलला हात लावायला घाबरत होतो. त्याच वर्षी प्रयोगशाळेत दिसलं, की करोनाचा जिवंत विषाणू तांब्यावर चार तासांनंतर सापडत नाही, प्लॅस्टिकवर मात्र ७२ तासांपर्यंत सापडतो. म्हणून पुसणं टळत नाही, पण आजीची चिंचेनं घासलेली पितळी कडी अगदीच वेडी नव्हती.

शिवाय सैल झालेलं सगळंच बदलावं लागत नाही. पुष्कळदा हँडलच्या खालचा बारीक स्क्रू फक्त ढिला झालेला असतो. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल, तर त्यात काडीपेटीच्या दोन काड्या गोंद लावून ठोकायच्या, वाळल्यावर स्क्रू पिळायचा. बदलायचंच असेल तर दाराची जाडी आणि जुन्या भोकांमधलं अंतर मोजून न्यावं, नाहीतर चांगल्या दाराला नवी भोकं पडतात.

दुकानात गेलात, की हँडल कसं चमकतं ते जरूर पाहा. पण एकदा ते ओल्या हातानं, एकाच बोटानं दाबूनही पाहा. घरातल्या सगळ्यांत अशक्त हाताला ते उघडत असेल, तर खुशाल घ्या.