पत्र्याचा बोगदा (खेळण्यातील रेल्वे)

कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादी पत्र्यापासून केलेला, खेळण्यातील आगगाडीच्या रुळांवर ठेवायचा पोकळ डोंगर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी, इंग्लंड व अमेरिकेतील खेळणी-कारखान्यांनी असे बोगदे विकले. आज संग्राहक ते जुन्या किंवा नव्या रुळमांडणीत बसवतात.

जर्मनीतील म्यर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले आणि गाडीला स्थानक, पूल, सिग्नल, बोगदा अशी जोड देत राहण्याची सोय झाली. पुढे न्यूरेंबर्गची बिंग, अमेरिकेची लायोनेल आणि १९२० पासून लिव्हरपूलची हॉर्नबी यांच्या गाड्या घराघरांत पोचल्या. बोगद्याचा पत्रा ठोकून डोंगराचा आकार देत, भाग जिभल्या-खाचांनी किंवा डाख देऊन जोडत. काहींवर छपाईचे रंग, काहींवर हाताने काढलेली चित्रे. जवळून पाहावे तर उतारावर बोटाच्या पेरापेक्षा लहान घर, त्याच्याकडे जाणारी पिवळट पायवाट आणि ब्रशच्या एकेका फटकाऱ्यात उभी केलेली झाडे दिसतात. हा रंग म्हणजेच त्या वस्तूचे मोल. म्हणून बसवताना बदल करायचा तो मांडणीत. बोगदा कापणे, वाकवणे किंवा नव्याने रंगवणे टाळावे.

पहिला प्रश्न मापाचा. ओ मापात दोन रुळांमधील अंतर सुमारे ३२ मिमी, एक क्रमांकाच्या मापात ४५ मिमी, तर लायोनेलने १९०६ मध्ये आणलेल्या ‘स्टँडर्ड’ मापात सुमारे ५४ मिमी असते. मात्र रूळ बोगद्यातून गेले म्हणजे गाडी जाईलच असे नाही. छतावर पेंटोग्राफ असलेले इंजिन कमानीला अडकते. तोंड ठेंगणे असेल, तर दोन्ही पायांखाली सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून बोगदा उचलावा. पट्ट्या डोंगराच्याच रंगाच्या असल्या की नजरेत येत नाहीत.

खरी अडचण वळणावर येते. डब्याच्या चाकांचे दोन संच रुळांवर असतात, पण मधला भाग सरळच राहतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. टोके बाहेर झुकतात. वळणाची त्रिज्या ३७ सेंमी आणि चाकांच्या संचांमधील अंतर २४ सेंमी असेल, तर डब्याचा मध्य सुमारे २ सेंमी आत जातो. बोगद्याच्या दोन्ही तोंडांपाशी रूळ सरळ दिसत असले, तरी तोंडाबाहेर लगेच वळण असेल तर डब्याची टोके कमानीला घासतात. सरळ बोगद्यासाठी दोन्हीकडे निदान सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ सोडावा. मोजमापापेक्षा साधा प्रयोग अधिक भरवशाचा : सर्वांत लांब डब्याच्या कोपऱ्यांना आणि मध्याला पेन्सिल बांधून, खाली कागद पसरून, डबा हाताने हळू ढकलावा. उमटलेल्या रेषा ज्या रुंदीत मावतात, ती रुंदी बोगद्याला हवी. वर थोडी मोकळीक ठेवावी.

जुन्या पत्र्याची खालची कड धारदार असते. तिच्याखालून ट्रान्सफॉर्मरची तार गेली, तर वेष्टन कापले जाऊन शॉर्टसर्किट होऊ शकते. तीन रुळांच्या गाड्यांत मधल्या रुळातून वीज येते, म्हणून त्याला पत्रा कुठेही टेकू नये. तारा फळीला भोक पाडून खालून न्याव्यात. पायांखाली फेल्टची पट्टी चिकटवली की पत्रा फळीवर घासत नाही आणि गाडी आत शिरताना होणारी खडखड कमी होते. ही खडखड ज्यांना लहानपणापासून ओळखीची आहे, ते पट्टी लावत नाहीत, आणि त्यांचेही बरोबर आहे.

बोगदा फळीला चिकटवू वा खिळ्यांनी ठोकू नये. डबा घसरला तर तो नेमका आत, हात न पोचणाऱ्या जागी घसरतो, तेव्हा डोंगर अलगद उचलता आला पाहिजे. उचलताना शिखराला धरू नये, दोन्ही पायांना हात घालावा. जुने डाख वजनाने सुटतात. पोचे व गंज आतून तपासावेत. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो घासू नये, आणि पोपडे सुटत असतील तर बोगदा मुलांच्या हाती देऊ नये.