कीर्द-खतावणी

कीर्द-खतावणी ही महाराष्ट्रातील व्यापारी व दुकानदार यांची हिशेब ठेवण्याची परंपरागत पद्धत आहे. रोजच्या व्यवहारांची क्रमवार नोंद ज्या वहीत होते ती कीर्द किंवा रोजकीर्द. त्याच नोंदी व्यक्तिवार व बाबवार खात्यांत जिथे उतरवल्या जातात ती खतावणी. ‘कीर्द’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. पेशवे दप्तरातही मोडी लिपीतील रोजकीर्दी आहेत. मात्र त्या सरकारी जमाखर्चाच्या आहेत.

स्वरूप

लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीला छापील रेघा नसत. पानास उभ्या घड्या घालून रकाने पाडत. डावी बाजू जमेची, उजवी नावेची. पाश्चात्त्य खातेवहीत डावी बाजू नावेची असल्याने विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. कीर्दीचा आरंभ आदल्या दिवसाच्या शिलकेने होतो आणि दिवसअखेरची शिल्लक गल्ल्यातील रकमेशी ताडून पाहिली जाते.

समजा, गिऱ्हाइकाने १,२०० रुपयांचा माल उधार नेला. ती रक्कम त्याच्या नावे व विक्रीखाती जमा होते. पुढे त्याने ७०० रुपये दिले, की ते त्याच्या खाती जमा होऊन ५०० रुपये येणे उरते. सर्व खात्यांच्या बाकी एकत्र मांडल्या म्हणजे तेरीज तयार होते. तेरीज जुळली तरी हिशेब निर्दोष असतोच असे नाही. एका गिऱ्हाइकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खाती पडली, तर ती चूक तेरजेत दिसत नाही.

नफा आणि रोकड

लहान दुकानदाराची खरी अडचण बहुधा येथे असते. ५०,००० रुपयांचा माल उधारीने आणून तो ६०,००० रुपयांस उधारीनेच विकला, तर इतर खर्च वगळता १०,००० रुपये नफा दिसतो. पण गल्ला रिकामाच राहतो आणि घाऊक व्यापाऱ्याची मुदत मात्र टळत नाही. म्हणून येणे-देणे यांच्या तारखा पाहणे नफा मोजण्याइतकेच आवश्यक ठरते. मालकाने घरखर्चासाठी काढलेली रक्कम ही उचल होय, धंद्याचा खर्च नव्हे. ती वेगळी न लिहिल्यास नफा खोटाच कमी दिसतो, आणि न लिहिताच काढल्यास शिल्लक जुळत नाही. व्यवहारात सर्वाधिक हयगय याच नोंदीत होते.

वर्षारंभ

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांची पूजा करून कार्तिक शुद्ध प्रतिपदेस नवी वही सुरू करण्याची प्रथा आहे. सरकारी आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च असल्याने ही पूजा आता बहुतांशी विधीपुरती उरली असून, अनेक ठिकाणी वहीशेजारी संगणकही पूजला जातो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात.