नायिकेची वाडी कोणती?

गुहागर तालुक्यातील आमच्या बौद्धवाडीत प्रेमकथा आल्या त्या पत्र्याच्या ट्रंकेतून. 1970 नंतरची ती वर्षे. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येत. माझा चुलतभाऊ गिरणीत बदली कामगार होता. त्याच्या ट्रंकेत, खाऊच्या पुड्यांखाली, रद्दीच्या दुकानातून आणलेल्या कादंबऱ्या असत. कुणाचे मुखपृष्ठ गेलेले, कुणाची शेवटची पाने. चंद्रकांत काकोडकर हे नाव मी प्रथम तेथे वाचले. मासिकांचे सुटे अंक तर फारच छळत. 'क्रमशः' हा शब्द आला की पुढचा भाग पुढच्या मे महिन्यात, आणि तोच अंक हाती येईल याची खात्री नाही.

वाडीत वाचता येणाऱ्या मुली मोजक्या. मी सातवीत होते. रात्री कंदिलाशी बसून मी मोठ्याने वाची. आई, काकी, आजी ऐकत. एकदा नायक-नायिकेची ताटातूट झाली. काकीने पदराने डोळे पुसले आणि विचारले, "ह्या पोरीची वाडी कुठली गो?" मी पाने उलटली. बंगला होता, बाग होती, कॉलेज होते. वाडी नव्हती. "वाडीच न्हाय तर मग अडलंय कुटं?" काकी म्हणाली.

कोकणात वाडी म्हणजे जात. बामणवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी. माणसाचा पत्ता विचारला की त्याची पायरी कळते. निरक्षर काकीच्या त्या प्रश्नाने मी मराठी प्रेमकथेचा इतिहास तपासू लागले.

क्रमशः छापलेल्या कथेची मराठी वाचकाला गोडी लावली ती हरिभाऊ आपट्यांनी. 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आठवड्यामागून आठवडे येत राहिली. ब्राह्मण घरातील स्त्रीचे दुःख त्यांनी मांडले आणि ते दुःख खरे होते. पण पुढे ना. सी. फडक्यांच्या काळात कादंबरीतून ते दुःख ओसरले व प्रेमाचा खेळ उरला. 'जादूगार' 1928 सालची, 'दौलत' 1929 सालची. सुशिक्षित तरुण, देखणी तरुणी, गैरसमज, विरह आणि मीलन, हा साचा तेव्हा घट्ट बसला.

त्याच 1929 च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या चिपळूणला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरी जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. खोतांच्या जाचाखाली पिचलेली कुळे तेथे जमली होती. पुढे 1937 साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. 1940 साली साहित्य संमेलन रत्नागिरीलाच भरले आणि त्याचे अध्यक्ष होते फडके! एका जिल्ह्याच्या छातीवर दोन सभा होऊन गेल्या. एकीत माणूसपणाचा हिशोब मागितला गेला, दुसरीच्या अध्यक्षपदी कलेसाठी कला मानणारा लेखक बसला. वि. स. खांडेकर तर 1920 ते 1938 शिरोड्याला शिक्षक होते; शिरोडे तेव्हा याच जिल्ह्यात. त्यांनी विषमतेकडे पाहिले, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या कणवेतही आमचा माणूस बहुधा नायकाच्या सेवेचा विषय राहिला. स्वतः प्रेम करणारा नायक झाला नाही.

काकोडकरांना तर समीक्षकांनी साहित्यिकच मानले नाही. तरी 'नीलांबरी'वरून 1969 साली 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली व तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली निर्दोष सोडले. तरुण मने बिघडतील काय, एवढाच वाद. स्त्री-पुरुषांच्या जवळिकीने समाजाची नीती बुडते असे वाटणाऱ्यांना, त्या जवळिकीतून एक सबंध समाज वगळला आहे हे अश्लील वाटले नाही.

या कथा संपत का नाहीत, तेही काकीच्या प्रश्नातच आहे. अडथळा हटणारा असला की कथा चालू ठेवता येते. एक पत्र उशिरा मिळते, एक वडील रुसतात, एक अपघात होतो. हटला अडथळा की दुसरा आणायचा. जात मात्र अशी हटत नाही. तिला आत घेतले की पुढच्या अंकात गोड शेवट देता येत नाही. म्हणून तिला दाराबाहेर ठेवायचे. आम्हांला गावकुसाबाहेर ठेवले होते, तसेच.

माझी थोरली चुलतबहीण याच कथा वाचून पत्र लिहायला शिकली. तिने दुसऱ्या वाडीतल्या मुलाला पत्र लिहिले. त्यातली वाक्ये कादंबरीतली होती. मी ती वाचलेली असल्याने ओळखली. पत्र मुलाच्या घरी सापडले. त्या रात्री चार माणसे आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. कोणी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. आठ दिवसांत अक्काला मुंबईला पाठवले, महिन्याच्या आत तिचे लग्न लावले. तिच्या कादंबरीचा पुढचा भाग आलाच नाही.

म्हणून त्या पुस्तकांवर मी राग धरावा काय? राग आहे, आणि कृतज्ञताही आहे. मलाही कोणी आवडू शकते, हे धाडस आमच्या मुलींना त्यांनीच दिले. फक्त त्याची किंमत सांगितली नाही. ती सांगितली अण्णाभाऊ साठ्यांनी. त्यांच्या 'आवडी'त जात ओलांडणाऱ्या प्रेमावर सख्ख्या भावाची कुऱ्हाड पडते. मी ती कादंबरी उशिरा वाचली. काकीला ती एका बैठकीत वाचून दाखविली. या वेळी तिने वाडी विचारली नाही.

जात मोडायची तर सहभोजन पुरे नाही, आंतरजातीय विवाह हवा, असे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. म्हणजे प्रेम हा आमच्या चळवळीचाच प्रश्न आहे. तो रंजनाच्या कपाटात टाकून चालणार नाही. 2014 साली अहमदनगर जिल्ह्यातील खर्ड्यात प्रेमाच्या संशयावरून दलित विद्यार्थ्याचा खून झाला. 2017 साली जिल्हा न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. मधल्या वर्षी, 2016 साली, नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ला राज्यभर गर्दी लोटली. त्या अखेरच्या दृश्यात लोक सुन्न झाले, कारण प्रेमकथेत प्रथमच त्यांना आपली वाडी दिसली.

आता मालिका घराघरांत रोज संध्याकाळी येतात. नायिका नटलेली असते, बंगला पूर्वीपेक्षा मोठा असतो. काकी आता नाही. मी पडद्यासमोर बसते आणि तिच्या वतीने विचारते, "ह्या पोरीची वाडी कुठली?" उत्तर येत नाही. लिहिणाऱ्या मुलींनो, ते उत्तर आता तुम्ही लिहा.